आसरा, पहारा आणि राखण : बेने इस्राएलांच्या संरक्षणाची मराठी भाषा

१

‘भारतात ज्यूंचा छळ कधीच झाला नाही’ हे विधान मराठी वैचारिक लेखनात इतक्या वेळा आले आहे की त्याला आता संकेताचे रूप प्राप्त झाले आहे. भाषणाच्या आरंभी, प्रस्तावनेच्या अखेरीस, सहिष्णुतेच्या चर्चेत ते उच्चारले जाते आणि उच्चारताच चर्चा संपते. संकेताचे कार्यच असे असते. तो विचाराला आरंभ करून देण्याऐवजी त्याला विराम देतो. म्हणून या विधानाची सत्यासत्यता तपासण्याआधी त्याची रचना तपासणे उचित ठरेल.

या वाक्याचा व्याकरणिक कर्ता कोणीही असो, त्याचा आशयगत कर्ता ‘भारत’ हा आहे. ज्यू येथे केवळ साक्षीदार म्हणून उपस्थित आहेत, आणि त्यांच्या साक्षीने सिद्ध होते ते यजमानाचे औदार्य. या कथनाला मराठीत एक नेमका शब्द आहे : ‘आसरा’. आसरा देणारा आणि घेणारा असे दोन पक्ष त्यात गृहीत असतात. देणाऱ्याची जमीन आधीपासून त्याची असते. घेणारा कितीही पिढ्या राहिला तरी आलेलाच राहतो.

कोकणातील बेने इस्राएलांची मूळकथा सर्वपरिचित आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांच्यापासून समाज वाढला, असे ही परंपरा सांगते. किनाऱ्याला लागलेल्या चौदा प्रेतांना परशुरामाने सजीव केले, ही चित्पावनांची मूळकथाही तितकीच परिचित आहे. दोन्ही कथांतील समुद्र, किनारा आणि चौदा हा आकडा यांचे साम्य अभ्यासकांनी पूर्वीच नोंदविले आहे. परंतु या साम्याइतकाच महत्त्वाचा आहे तो दोन्ही कथांच्या वाचनातील भेद. एकाच समुद्राने, एकाच किनाऱ्यावर आणून सोडलेल्या दोन समूहांपैकी एकाला मराठी मानस भूमिपुत्र मानते आणि दुसऱ्याला पाहुणा. चित्पावनांना कोकणाने आसरा दिला, असे कोणी लिहीत नाही. आसऱ्याची भाषा कोणाच्या बाबतीत वापरली जाते आणि कोणाच्या बाबतीत नाही, यावरून सत्तासंबंध उघड होतात.

विधानाच्या सत्यतेकडे वळले तर असे म्हणावे लागते की बेने इस्राएलांच्या बाबतीत, स्थानिक समाजाने केलेल्या संघटित छळाचा इतिहास आढळत नाही. ही गोष्ट लहान नाही आणि तिचे मोल कमी करण्याचे कारण नाही. मात्र ‘भारतात’ आणि ‘कधीच’ हे दोन शब्द टिकत नाहीत. गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेले धर्मन्यायालय, मधला काही वर्षांचा खंड सोडता, १८१२ पर्यंत चालू होते, आणि ज्यू वंशाचे ‘नवे ख्रिस्ती’ हे त्याचे आरंभीचे लक्ष्य होते. भारतीय वनौषधींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापणारा आणि मुंबई बेट ज्याच्याकडे खंडाने होते तो वैद्य गार्सिया द ओर्ता याच समूहातला. त्याच्या मृत्यूनंतर, १५६९ मध्ये, त्याच्या बहिणीला गोव्यात जाळण्यात आले. १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळण्यात आली. हे राज्य पोर्तुगिजांचे होते हे खरे. पण भूमी हीच होती, आणि ‘भारतात कधीच नाही’ हे वाक्य भूमीविषयी बोलते.

प्रस्तुत विवेचनाचा हेतू एका गौरवकथेला विरोधी कथा जोडण्याचा नाही. आसऱ्याच्या कथनामुळे संरक्षणाचा प्रश्नच अनावश्यक ठरतो, ही खरी अडचण आहे. जेथे कधी काही घडलेच नाही तेथे राखायचे काय? २००६ आणि २००८ या दोन वर्षांनी हा प्रश्न मराठी भूमीवर उभा केला. मराठी साहित्यव्यवहाराने तो कोणत्या भाषेत ऐकला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

पनवेलमधील बेथ एल हे प्रार्थनामंदिर १८४९ मधले आहे. त्याच्या एक वर्ष आधी, १८४८ मध्ये, अलिबागचे मागेन आबोथ उभे राहिले होते. अलिबागच्या त्या वस्तीला ‘इस्राएल आळी’ म्हणतात. पनवेलच्या तळ्यांमध्ये एकाचे नाव ‘इस्राएल तलाव’ असे आहे. या नामकरणात एक अर्थपूर्ण गोष्ट दडलेली आहे. इस्रायल नावाचे राष्ट्र १९४८ मध्ये अस्तित्वात आले. त्याच्या कितीतरी आधी ‘इस्राएल’ हा शब्द कुलाबा जिल्ह्यात रोजच्या वापरातला होता. आळीला नाव द्यावे, शेजाऱ्याला हाक मारावी, इतका तो घरगुती होता.

शब्दांच्या या घरगुतीपणाची आणखी उदाहरणे देता येतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून हे लोक ‘शनवार तेली’ झाले. मुंबईत १७९६ मध्ये बांधलेल्या त्यांच्या पहिल्या प्रार्थनामंदिराला ते स्वतः ‘मशीद’ म्हणत. पुण्याचे ओहेल डेव्हिड, लाल विटांमुळे, पुणेकरांचे ‘लाल देऊळ’ झाले. ज्यूंच्या प्रार्थनास्थळासाठी मराठीत स्वतंत्र शब्द रूढ झाला नाही, ही उणीव वाटू शकेल. परंतु चिन्हव्यवस्थेच्या दृष्टीने पाहता येथे दुसरेच काही घडलेले दिसते. अपरिचित वस्तूला परिचित शब्दाने कवेत घेणे ही लोकभाषेची ओळख करून घेण्याची रीत आहे. मशीद नसलेल्या वास्तूला मशीद आणि देऊळ नसलेल्या वास्तूला देऊळ म्हणताना कोणाची गफलत होत नव्हती. त्या शब्दांतून इतकेच सांगितले जात होते की ही देवाची जागा आहे आणि ती अमुक लोकांची आहे.

उलट दिशेचा व्यवहारही तितकाच समृद्ध होता. पुण्यात १८७४ मध्ये शिळाप्रेसवर छापलेल्या हग्गादात हिब्रू संहितेबरोबर मराठी भाषांतर आहे आणि चित्रांतील स्त्रिया लुगडी नेसून, जमिनीवर बसून बेखमीर भाकरी लाटत आहेत. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. १८८० च्या सुमारास मुंबईत कीर्तनाची चळवळ सुरू झाली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदींनी अब्राहाम, योसेफ यांची चरित्रे साकी-दिंडी-पदांच्या चौकटीत बसविली. नारदीय गादीवरून तोराहातील आख्यान लावणारा हा कीर्तनकार एकोणिसाव्या शतकातील मराठी आधुनिकतेचा एक महत्त्वाचा प्रतिनिधी आहे. वाङ्मयेतिहासाने त्याला तळटिपेहून अधिक जागा क्वचितच दिली आहे.

या परस्परपरिचयाचे सुखद चित्र रंगविताना एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘शनवार तेली’ हे नाव आपुलकीचे असले तरी ते जातिव्यवस्थेतील स्थानाचेही नाव आहे. या व्यवस्थेत प्रत्येकाला एक कोनाडा मिळतो आणि जोवर तो कोनाडा सोडला जात नाही तोवर सहसा कोणी त्रास देत नाही. बेने इस्राएलांची सुरक्षितता काही अंशी या अ-स्पर्धेतून आलेली होती. स्वतः त्या समाजातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता, म्हणजे कोनाड्याच्या आत आणखी कोनाडे होते. तेव्हा ओळख म्हणजे समता नव्हे. तरीही ओळखीमुळे एक गोष्ट निश्चित होत होती. शनिवारी घाणा का थांबला आहे, हे गावाला माहीत होते.

३

हे माहीत असणे कसे संपत गेले, याचा एक बोलका दाखला पनवेल तालुक्यातच सापडतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये खारघर येथे ‘हिटलर्स क्रॉस’ या नावाचे एक उपाहारगृह उघडले. फलकावर नाझी स्वस्तिक होते. मुंबईच्या ज्यू समाजाने आक्षेप घेतला, देशोदेशींच्या वृत्तपत्रांत बातम्या आल्या, आणि काही दिवसांतच नाव बदलण्यात आले. खारघर आज पनवेल महानगरपालिकेचा भाग आहे. १८४९ च्या बेथ एलपासून तो फलक काही किलोमीटरांवर होता.

या घटनेला ज्यूद्वेष म्हणावे काय? नामकरणामागे द्वेषाचा हेतू असल्याचे दिसत नाही. लोकांचे लक्ष वेधून घेणारे नाव एवढाच त्यामागचा विचार असल्याचे तेव्हा सांगितले गेले. समीक्षेच्या दृष्टीने हे उत्तर द्वेषाच्या कबुलीपेक्षा अधिक चिंताजनक आहे. द्वेषाला निदान आपल्या लक्ष्याची जाणीव असते. येथे चिन्हातून सारा इतिहास ओसरून गेलेला आहे आणि उरला आहे तो केवळ एक ठसठशीत आकार. ‘आमचे मुख्याध्यापक म्हणजे अगदी हिटलर’ असे कौतुकमिश्रित भीतीने म्हणणाऱ्या मराठी बोलण्यात हे रिकामे होणे फार पूर्वीच घडून गेले होते. खारघरच्या फलकाने ते फक्त रंगवून टांगले.

ही पोकळी मराठी ग्रंथव्यवहाराने कशी घडविली, हे तपासण्यासारखे आहे. ज्यू हा विषय मराठी वाचकाला अपरिचित नाही. वि. स. वाळिंबे यांचे ‘हिटलर’, ना. ह. पालकर यांचे ‘इस्रायल : छळाकडून बळाकडे’, वीणा गवाणकर यांचे ‘गोल्डा : एक अशांत वादळ’ या पुस्तकांना मोठा वाचकवर्ग लाभला. ॲन फ्रँकची दैनंदिनी मराठीत आली. हिटलरच्या आत्मचरित्राची मराठी भाषांतरेही खुलेपणाने विकली जातात. यांतील प्रत्येक लेखकाचा हेतू आणि दृष्टी भिन्न आहे. त्यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. प्रश्न सुट्या पुस्तकांचा नसून ती ज्या फळीवर शेजारी शेजारी उभी राहतात त्या फळीचा आहे. हिटलरचे आणि गोल्डा मायर यांचे चरित्र एकच वाचक, पुष्कळदा एकाच भावनेने, विकत घेतो. ही भावना म्हणजे सामर्थ्याचे आकर्षण. पालकरांच्या शीर्षकाने या वाचनाचा सारा आलेख तीन शब्दांत मांडला आहे : एका टोकाला छळ, दुसऱ्या टोकाला बळ, आणि मध्ये एका राष्ट्राचा प्रवास.

या आलेखावर ज्यू दोनच रूपांत दिसू शकतो. तो युरोपातील छावणीतला बळी असतो किंवा पश्चिम आशियातील रणगाड्यावरचा सैनिक. दोन्ही रूपे दूरची आहेत आणि दोन्ही भव्य आहेत. शनिवारी दुकान बंद ठेवणारा, एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोह्यांचा मलिदा वाटणारा, रेल्वेत किंवा गोदीत कारकुनी करणारा आणि घरी मराठी बोलणारा ज्यू या आलेखावर कोठेच बसत नाही. तो बळी नाही म्हणून करुणेला पात्र नाही. बलवान नाही म्हणून आदराला पात्र नाही. मराठी वाचक वॉर्साची वस्ती ओळखतो, तेल अवीव ओळखतो, आणि इस्राएल आळी ओळखत नाही.

या अनोळखीचा आणखी एक परिणाम संभवतो. ‘इस्रायल’ हा शब्द ऐकताच आज मनात एका राष्ट्राचा नकाशा उभा राहतो, बाजू घेतल्या जातात. आळीचे नाव युद्धाच्या नकाशावर गेले आणि आळीतला माणूस, त्याची इच्छा असो वा नसो, त्या नकाशाचा भाग ठरला. स्वतः त्या राष्ट्राशीही या समाजाचे नाते सरळ नव्हते. तेथे गेलेल्या बेने इस्राएलांच्या ज्यूपणाविषयी धर्मपीठाने शंका घेतली, विवाहांना अडथळे आले, दीर्घ आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये तेथील संसदेला त्यांच्या समान दर्जाचा ठराव करावा लागला. इकडे जो ज्यू म्हणून वेगळा काढला जातो तोच तिकडे पुरेसा ज्यू नाही म्हणून वेगळा काढला गेला. मराठीतील बळाच्या कथनात हा अध्याय सहसा येत नाही, कारण तो आलेखाच्या दिशेशी जुळत नाही.

४

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर झालेल्या हल्ल्यात कुलाब्याचे नरिमन हाउस हे एक लक्ष्य होते. तेथील छाबाद केंद्रात रब्बी गॅव्ह्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि चार पाहुणे असे सहा जण मारले गेले. २८ तारखेला राष्ट्रीय सुरक्षा दलाचे जवान हेलिकॉप्टरमधून गच्चीवर उतरले. हवालदार गजेंद्रसिंह तेथे धारातीर्थी पडले. दोन वर्षांच्या मोशेला त्याची भारतीय दाई सँड्रा सॅम्युएल हिने बाहेर आणले. ताजमहाल हॉटेल किंवा रेल्वे स्थानक यांच्याप्रमाणे हे घर गर्दीमुळे निवडलेले नव्हते. गल्लीतील एक साधी इमारत ती ज्यूंची आहे एवढ्याच कारणासाठी हेरून ठेवण्यात आली होती. डेव्हिड हेडली याने अमेरिकी न्यायालयात या पाहणीची कबुली दिली; मार्च २००९ मध्ये पुण्यासह अन्य शहरांतील छाबाद केंद्रांचीही त्याने पाहणी केल्याचे त्याच कबुलीतून समोर आले. भारतात कधीच काही घडले नाही, या वाक्याची मुदत त्या रात्री संपली.

हल्लेखोर बाहेरून आले होते आणि त्यांचे ज्यूद्वेषाचे शास्त्रही बाहेरचे होते, हे खरे आहे. पण ‘बाहेरचे’ हा शब्द येथेही आसऱ्याच्या कथनाला वाचविण्यासाठी वापरला जातो. यजमान निर्दोष ठरला की पाहुण्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न पोलीस खात्याकडे सोपविता येतो, आणि समाज, साहित्य, शाळा यांना त्यातून मोकळे होता येते. संरक्षणाच्या मराठी शब्दकोशात ‘आसरा’ नंतर आलेला दुसरा शब्द म्हणजे ‘पहारा’.

पहाऱ्याचे महत्त्व नाकारणे बेजबाबदारपणाचे ठरेल. २००८ नंतर ज्यू प्रार्थनास्थळांबाहेर पोलीस आले, नोंदवह्या आल्या. २०१४ मध्ये छाबाद केंद्र पुन्हा उघडले ते कडेकोट बंदोबस्तातच. ऑक्टोबर २०२३ नंतर पश्चिम आशियातील युद्धाच्या पार्श्वभूमीवर मुंबईतील बंदोबस्त पुन्हा वाढविण्यात आला. जेथे धोका खरा आहे तेथे बंदूकधारी शिपाई ही प्रतीकात्मक गोष्ट नसते. आतल्या माणसाच्या जिवाशी तिचा संबंध असतो. जुन्या काळच्या सलोख्याची आठवण सांगत पहाऱ्याला नाके मुरडणे हे बाहेर सुरक्षित उभ्या असलेल्या माणसाला परवडते.

तथापि पहाऱ्याचा एक भाषिक परिणाम नोंदविलाच पाहिजे. जेथे पूर्वी ओळख लागत असे तेथे आता ओळखपत्र लागते. दोन्ही शब्दांचे मूळ एकच, पण व्यवहार उलटा आहे. ओळख दोघांमध्ये असते आणि काळाने वाढते. ओळखपत्र एकाने दाखवायचे आणि दुसऱ्याने तपासायचे असते. दाराशी पहारा बसला की शेजारी आत डोकावत नाही, त्याची मुले आत काय आहे ते विचारत नाहीत, आणि एका पिढीत ती वास्तू शेजारच्यांना परकी होते. परकेपण वाढले की धोका वाढतो, धोका वाढला की पहारा वाढतो. हे वर्तुळ पोलीस तोडू शकत नाहीत, कारण ते तोडणे त्यांच्या कामाचा भाग नाही.

या टप्प्यावर साहित्याकडे वळणे आवश्यक ठरते, आणि तेथे मराठी समीक्षेला एका अवघड वस्तुस्थितीला सामोरे जावे लागते. ज्या समाजाची मातृभाषा मराठी आहे त्या समाजाच्या जगण्याचे ठळक ललित चित्रण मराठीबाहेर झाले आहे. मीरा महादेवन यांची ‘अपना घर’ आणि शीला रोहेकर यांची ‘मिस सॅम्युएल : एक यहूदी गाथा’ या कादंबऱ्या हिंदीत आहेत. निस्सीम इझिकिएल, एस्थर डेव्हिड, रॉबिन डेव्हिड यांचे लेखन इंग्रजीत आहे. मराठीचा किनारा, मराठीची नावे, मराठीचे पदार्थ या साऱ्या लेखनात आहेत. नाही ती फक्त मराठी.

इझिकिएल यांच्या एका प्रसिद्ध आत्मपर कवितेत शाळकरी ज्यू मुलाचा अनुभव येतो. ख्रिस्ती शाळेत त्याच्यावर ख्रिस्ताला मारल्याचा आळ येतो, मोठी मुले त्याला सतावतात. कविता हा पुरावा नव्हे हे मान्य करूनही असे म्हणता येईल की ‘कधीच नाही’ या वाक्याला मुंबईच्या एका वर्गखोलीतून दिलेले ते उत्तर आहे. या उत्तराचा स्वर तक्रारीचा नाही. किंचित उपरोधाचा, स्वतःकडेही हसून पाहणारा आहे. छळ आणि बळ यांच्या आलेखावर न बसणारा अनुभव सांगायला असाच स्वर लागतो. रॉबिन डेव्हिड यांचे ‘सिटी ऑफ फिअर’ (२००७) हे पुस्तक २००२ च्या गुजरात दंगलीत अहमदाबादच्या एका ज्यू घराला काय भोगावे लागले ते सांगते. दंगल त्यांच्याविरुद्ध नाही. पण दोन समूहांच्या सीमेवर ज्याचे घर आहे त्याला कोणत्याच बाजूचा आसरा नसतो. आसऱ्याची कल्पना मुळात किती ठिसूळ आहे, हे त्यातून स्पष्ट होते. तो देणाराच जेव्हा पेटलेला असतो तेव्हा त्याच्या औदार्याचा इतिहास कामाला येत नाही.

एस्थर डेव्हिड यांची ‘बुक ऑफ रेचल’ (२००६) ही कादंबरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. अलिबागजवळच्या दांड्याला राहणारी वृद्ध रेचल एकटी आहे. मुले इस्रायलला गेली आहेत. ज्यांना प्रार्थनेसाठी दहा पुरुष जमविणे शक्य नाही अशा गावातील प्रार्थनामंदिर ती झाडते, पुसते, दिवा लावते. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एका पदार्थाची कृती येते. प्रार्थनामंदिराची जागा विकली जाण्याची वेळ येते तेव्हा रेचल उभी राहते. येथील धोका दहशतवादाचा नाही. तो बाजाराचा आहे, आणि समाजाच्या कारभारात असलेली माणसेच व्यवहाराच्या बाजूने आहेत. कादंबरीचे संविधानक कोठे कोठे सोयीस्कर वळणे घेते आणि पदार्थांच्या कृती कथनावर भार होतात, अशी टीका करता येण्यासारखी आहे. परंतु संरक्षण या क्रियेचा या कादंबरीने लावलेला अर्थ मराठी विचाराला उपकारक आहे. रेचल जे करते त्याला पहारा म्हणता येत नाही. तिच्या हाती केरसुणी आहे. ते आसरा देणेही नाही. त्या कृतीला मराठीत अचूक शब्द आहे : ‘राखण’.

५

राखण हा शेताचा आणि घराचा शब्द आहे. राखण करणारा बाहेरचा नसतो. जे राखायचे त्याच्याशी त्याचा रोजचा संबंध असतो. त्याला पिकाची वेळ माहीत असते, कुंपणाची फट माहीत असते. पहारा धोका टळेपर्यंत असतो, राखण हंगामागून हंगाम चालते. आणि गावात शेजाऱ्याच्या शेताचीही राखण केली जाते, उपकार म्हणून नव्हे, उद्या आपलेही शेत तो राखणार आहे म्हणून.

महाराष्ट्र शासनाने जून २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. काही हजारांवर आलेल्या या समाजाच्या दृष्टीने या निर्णयाचे मोल व्यावहारिक आहेच. शिवाय आसऱ्याच्या कथनाला कायद्याने दिलेले ते पहिले स्पष्ट उत्तर आहे. दर्जा हा हक्क असतो, त्याच्याबद्दल कृतज्ञ राहावे लागत नाही. पहारा आणि दर्जा या दोन्ही गोष्टी राज्यसंस्थेने द्यावयाच्या आहेत. राखण मात्र समाजाने, आणि त्यातही भाषेने, करावयाची आहे.

भाषा राखण कशी करते, याचे उत्तर बेने इस्राएलांच्या जुन्या मराठीतच सापडते. हिब्रू पंचांगाशी पुन्हा संबंध जुळण्यापूर्वी त्यांनी आपल्या सणांना मराठी नावे दिली होती. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. प्रायश्चित्ताच्या महान दिवसाचे नाव होते ‘दारफाळणीचा सण’. त्या दिवशी कुटुंबे उपवास करून, दारे लावून आत राहत. बाहेरच्यांशी संपर्क ठेवीत नसत. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’ येई : दारे उघडत, दानधर्म होई, लोक एकमेकांकडे जात.

या दोन दिवसांच्या जोडीत संरक्षणाचा एक परिपूर्ण विचार सामावला आहे. दार लावण्याचा अधिकार आतल्या माणसाचा आहे. तो भीतीपोटी नव्हे तर आपल्या श्रद्धेपोटी दार लावतो. आणि बाहेरच्या माणसाला ते दार का लागले आहे हे ठाऊक आहे. त्यामुळे तो ते ठोठावत नाही, त्याविषयी संशयही घेत नाही. उद्या ते उघडेल हे दोघांनाही माहीत आहे. आसऱ्यात दार यजमानाच्या मालकीचे असते, पहाऱ्यात ते शिपायाच्या ताब्यात असते. दारफाळणीत ते ज्याचे त्याच्याकडे असते आणि शेजाऱ्याच्या जाणतेपणामुळे सुरक्षित राहते. नरिमन हाउसनंतरच्या जगात शिपाई हटविता येणार नाही. पण शेजाऱ्याचे हे जाणतेपण पुन्हा निर्माण करता येण्यासारखे आहे, आणि ते करणे हे साहित्य-समीक्षेच्या कक्षेतले काम आहे.

हे काम अमूर्त नाही. १८७४ चा हग्गादा, राजपूरकरांची भाषांतरे, अष्टमकरांची कीर्तने ही मराठी गद्यपद्याच्या इतिहासाची सामग्री आहे. भाषांतराचा इतिहास शिकविताना केवळ मिशनऱ्यांच्या बायबलची चर्चा करायची आणि हिब्रूतून थेट मराठीत आलेल्या ग्रंथांना वगळायचे, हा विद्यापीठीय अभ्यासक्रमाचा दोष आहे. कीर्तनपरंपरेच्या विवेचनात बेने इस्राएल आख्याने यावयास हवीत. इस्रायलमधून निघणाऱ्या ‘मायबोली’ या नियतकालिकाची गणना परदेशस्थ मराठी लेखनात व्हावयास हवी. शीला रोहेकर आणि एस्थर डेव्हिड यांच्या कादंबऱ्यांचे मराठी वाचन म्हणजे एका अर्थाने घरातून गेलेल्या वस्तूचा शोध आहे. आणि हिटलरवरील मराठी लेखनाची चिकित्सा, सामर्थ्याच्या आकर्षणासकट, समीक्षकांनी टाळता कामा नये; खारघरचा फलक उतरला तो बाहेरून आक्षेप आला म्हणून. तो मराठी वाचकालाच खटकला असता तर राखण झाली, असे म्हणता आले असते.

देशीवादाच्या चर्चेत मराठी समीक्षेने भूमीशी असलेल्या नात्याला पुष्कळ महत्त्व दिले. हे नाते कोणाकोणाचे, हा प्रश्न त्या चर्चेने बेने इस्राएलांच्या संदर्भात क्वचितच विचारला. मूळकथेतले दोन्ही समूह एकाच समुद्राने आणले, हे आठवले तर त्याचे उत्तर अवघड नाही. पनवेलची वस्ती आता महानगर झाली आहे. नव्याने आलेल्या लक्षावधी लोकांना इस्राएल तलाव या नावातून परदेशी राष्ट्राचा बोध होणे स्वाभाविक आहे. ते नाव एका शेजाऱ्याचे आहे, हे त्यांना सांगणे ही त्या शेजाऱ्याच्या राखणीची सुरुवात आहे.